इन्सुलिनची सुई स्वतः टोचताना हात अडतो? आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहिती

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिले, ते टोचायचे पेन घरी आले, ताट वाढून झाले, आणि सुई पोटाजवळ नेली की हात तिथेच अडतो. काही जण पंधरा-वीस मिनिटे तसेच बसून राहतात, काही जण मुलगा ड्युटीवरून येईपर्यंत डोस लांबवतात. घरचे म्हणतात, "मन घट्ट करा." या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण भीती एकाच जातीची नसते. कुणाला दुखेल याची भीती, कुणाला सुई पाहूनच घेरी, तर कुणाला आपल्या हातून काही चुकेल याची धास्ती. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी आपली भीती कोणती ते ओळखा.

दुखण्याची भीती

डोळ्यांसमोर असते ते दवाखान्यात कमरेत घेतलेले इंजेक्शन. ते स्नायूत जाते, त्याची सुई इंचभर किंवा त्याहून लांब असते. पेनची सुई ४ मिमी, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी, आणि ३२ गेजची असेल तर जाडीला पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. आपली कातडी साधारण दोन-अडीच मिमी जाडीची असते आणि इन्सुलिन तिच्या लगेच खालच्या चरबीत सोडायचे असते. तेवढ्यासाठी ४ मिमी पुरते, माणूस जाड असो की मध्यम. सरळ ९० अंशांत टोचा. फार सडपातळ असाल किंवा सुई ६-८ मिमीची असेल तर कातडी हलकेच चिमटीत धरा.

तरीही दुखत असेल तर कारण बहुतेक यांपैकी एक असते. इन्सुलिन फ्रिजमधून काढून लगेच टोचले. ते अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. स्पिरिट वाळण्याआधी टोचले. ओल्या स्पिरिटने चरचरते, आणि आंघोळ झालेल्या स्वच्छ कातडीला साबण-पाणीही पुरते. सुई दबकत दबकत आत नेली. हळू टोचल्याने कमी दुखत नाही, जास्त दुखते. श्वास सोडता सोडता एका दमात टोचा, आणि मग बटण मात्र सावकाश दाबा.

चौथे कारण जुनी सुई. काटकसर म्हणून एकच सुई आठवडाभर वापरणारे बरेच आहेत. पण इतक्या बारीक सुईचे टोक वापराने वाकते आणि तिच्यावरचा गुळगुळीत लेप निघून जातो. सुयांचा खर्च जड जात असेल तर मोकळेपणाने सांगा, परवडेल अशी सुई शोधून देऊ.

रोज एकाच जागी टोचू नका. तिथे चरबीची मऊ गाठ धरते. गाठीत सुई दुखत नाही, म्हणून लोक नेमके तिथेच टोचत राहतात. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि साखर कधी वर तर कधी खाली जाते. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडा, आणि कालच्या जागेपासून आज एक बोट सरका.

सुई पाहून घेरी येत असेल तर

बहुतेक भीतींत रक्तदाब वाढतो. सुईच्या भीतीत काहींचा तो आधी वाढतो आणि मग एकदम पडतो: घाम, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी. अशांना "सैल व्हा, खोल श्वास घ्या" हा सल्ला उलटा पडू शकतो. त्यांनी अंग ताठ करायचे असते. खुर्चीत बसून दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत आवळा. मग २०-३० सेकंद नेहमीसारखे बसा, एकदम गळून जाऊ नका. असे पाच वेळा करा. हा सराव आठवडाभर सुईशिवाय करा, म्हणजे वेळेवर आपोआप जमतो. टोचताना जिथे सुई लागणार तो भाग सैल ठेवा, बाकीचे अंग ताठ. पहिले काही डोस पलंगावर आडवे होऊन घेतले तरी हरकत नाही. हृदयविकार, आटोक्यात नसलेले बीपी किंवा गरोदरपण असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. घाम, थरथर आणि धडधड भीतीनेही होते आणि साखर उतरल्यानेही. अंदाज बांधू नका, ग्लुकोमीटर लावा. साखर ७० पेक्षा कमी निघाली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घेऊन प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ती वर येईपर्यंत इन्सुलिन टोचू नका.

चूक होण्याची धास्ती

पेनच्या सुईला दोन टोपणे असतात, बाहेरचे मोठे आणि आतले बारीक. आतले काढायचे राहून गेले तर बटण दाबले जाते, काहीच दुखत नाही, माणूस खूश होतो, आणि इन्सुलिन टोपणातच राहते. म्हणून दरवेळी आधी २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आलेला डोळ्यांनी पाहा, मगच डोस लावा. दुधाळ इन्सुलिन असेल तर त्याआधी पेन तळहातांत दहा वेळा फिरवा आणि दहा वेळा वरखाली करा. पारदर्शक इन्सुलिनला याची गरज नाही. बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश दहा मोजा आणि मग सुई काढा. घाई केली की थेंब बाहेर गळतो. रक्ताचा ठिपका आला तर नुसते दाबून धरा, चोळू नका. हवेचा बारीक बुडबुडा कातडीखाली गेल्याने धोका होत नाही, फक्त तेवढे इन्सुलिन कमी जाते.

बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांनी मात्र सांभाळा. आपल्याकडे ४० आणि १०० (एका मिलिलिटरमध्ये इतके युनिट) अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या रेषेपर्यंत ओढले तर शरीरात २५ युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे.

डोस घेतला की नाही हे आठवत नसेल तर पुन्हा टोचू नका. साखर मोजा, डॉक्टरांना फोन करा.

हात बसावा म्हणून

संत्र्यावर सराव करा असे सगळीकडे सांगतात. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, तिच्याखाली पोकळी, त्यामुळे सुई कुठे पोचली ते हाताला कळतच नाही. घट्ट सालीची मोसंबी घ्या. पेनवर डोस शून्य ठेवून दहा-बारा वेळा टोचा, मग ती सुई आणि ते फळ दोन्ही टाकून द्या. मोसंबीला आपल्या पोटापेक्षा जास्त जोर लागतो, हे पहिल्या खऱ्या डोसाला लक्षात येईल.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाळ्यात, इन्सुलिन कुठे ठेवायचे

चालू पेन बहुतेक ३० अंशांखाली २८ दिवस चालते. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. मे महिन्यात आपल्या घरात ३० अंश कुठले? त्या दिवसांत चालू पेनही सुई काढून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नका. लाइट बराच वेळ जाणार असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या गारव्यात ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात माठ गार राहतो. जुलैच्या दमट हवेत त्यावर विसंबू नका. गाडीच्या डिक्कीत कधीही नाही.

वापरलेल्या सुया फिनाईलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाका. घंटागाडीत सुट्या देऊ नका, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात त्या घुसतात. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून आमच्याकडे आणून द्या. पहिला डोस एकट्याने घ्यायला धीर होत नसेल तर पेन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जेवणाच्या वेळेआधी दुकानात या. आम्ही शेजारी बसून एकेक पायरी सांगू, टोचाल तुम्हीच.