फॉर्म १०९९-के

अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकर व्यवस्थेतील एक माहितीपत्रक. कार्डाने किंवा ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत विक्रेत्याला कॅलेंडर वर्षात आलेल्या पैशांची बेरीज ती कंपनी यात नोंदवते. एक प्रत ३१ जानेवारीपर्यंत विक्रेत्याकडे जाते, दुसरी आयआरएस या करखात्याकडे. विक्रेत्याने भरायचे विवरणपत्र वेगळे असते. या पत्रकावरची रक्कम ही उलाढाल असते, करपात्र उत्पन्न नव्हे.

या पत्रकाचा उगम सामान्यतः ३० जुलै २००८ रोजी मंजूर झालेल्या गृहनिर्माण व आर्थिक पुनरुत्थान कायद्यात दाखवतात. त्या कायद्याने महसूल संहितेत कलम ६०५०-डब्ल्यू घातले, हे खरेच. मात्र कार्डांवरील व्यवहारांची माहिती करखात्याला मिळावी, हा प्रस्ताव त्याआधी, २००६ च्या सुमारास, बुश प्रशासनाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावांत आढळतो. गृहकर्जांच्या संकटावरील कायद्याला महसुलाची जोड हवी होती, म्हणून तो तेथे आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २००१ या करवर्षासाठी देय कर आणि वेळेवर भरलेला कर यांतील तफावत आयआरएसने सुमारे ३४५ अब्ज डॉलर इतकी अंदाजली होती. त्यात छोट्या व्यावसायिकांच्या न दाखवलेल्या उत्पन्नाचा वाटा मोठा होता. पुढच्या एका अंदाजानुसार (२०११–१३) मालकाने पगारातून कर कापलेला असल्यास चुकीच्या नोंदीचे प्रमाण सुमारे १% राहते. त्रयस्थाकडून काहीच माहिती येत नसल्यास ते ५५% पर्यंत जाते. व्याज व लाभांशाबाबत १९६२ च्या महसूल कायद्याने माहिती देण्याची सक्ती वाढवली होती. कलम ६०५०-डब्ल्यू हे त्याच धोरणाचे पुढचे पाऊल होय. पहिली पत्रके २०११ च्या व्यवहारांसाठी २०१२ च्या आरंभी निघाली.

कायदा पैसे पोचवणाऱ्यांचे दोन वर्ग करतो. दुकानदाराचे कार्ड-व्यवहार स्वीकारणारी बँक वा तत्सम संस्था हा पहिला वर्ग. त्याला किमान मर्यादा नाही. दुसऱ्या वर्गात ग्राहक व विक्रेता यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या त्रयस्थ संस्था येतात. पेपाल किंवा एट्सी ही त्यांची परिचित उदाहरणे. त्यांना २०,००० डॉलरहून अधिक रक्कम आणि २०० हून अधिक व्यवहार, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच पत्रक देणे बंधनकारक असते. सगळा वाद या दुसऱ्या वर्गाच्या मर्यादेभोवती फिरला. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने ती ६०० डॉलरवर आणली आणि व्यवहारसंख्येची अट काढून टाकली. अंमलबजावणी २०२२ पासून व्हायची होती. आयआरएसने २३ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे वर्ष संपता संपता, ती एक वर्ष पुढे ढकलली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा ढकलली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टप्पे ठरवले : २०२४ साठी ५,०००, २०२५ साठी २,५००, त्यानंतर ६०० डॉलर. शेवटी ४ जुलै २०२५ च्या कायद्याने (सार्वजनिक कायदा ११९-२१) जुनीच मर्यादा पूर्वलक्षी प्रभावाने परत आणली. तोवर २०२४ ची पत्रके रवाना झालेली होती. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट यांसारख्या काही राज्यांची मर्यादा आजही ६०० डॉलर असल्याने तेथील विक्रेत्याला संघीय मर्यादेखालीही पत्रक येऊ शकते.

पत्रक वाचताना रकाना १-अ महत्त्वाचा. त्यात ढोबळ रक्कम असते : कंपनीचे शुल्क, ग्राहकाला दिलेला परतावा, पाठवणीचा खर्च, काहीही वजा न करता. समजा, एका विक्रेतीला ४०० मागण्यांचे २४,००० डॉलर मिळाले, १,५०० परत करावे लागले आणि २.९% अधिक प्रत्येक व्यवहारामागे ३० सेंट या दराने ८१६ डॉलर शुल्क कापले गेले. बँकेत जमा होतील २१,६८४. पत्रकावर दिसतील २४,०००. एकल मालकीच्या व्यवसायासाठीच्या शेड्यूल सी मध्ये पहिल्या ओळीत २४,००० दाखवून परतावा दुसऱ्या ओळीत व शुल्क खर्चात घ्यावे, हा बरोबर मार्ग. जमा रकमेलाच विक्री धरले, तर आकडे जुळत नाहीत आणि खात्याचे पत्र येण्याची शक्यता वाढते. तारखेचाही घोळ होतो : पत्रक व्यवहाराचा दिवस धरते, त्यामुळे ३१ डिसेंबरची विक्री जानेवारीत बँकेत आली तरी आधीच्या वर्षात मोजली जाते. रकाना ५-अ ते ५-एल मध्ये महिनावार आकडे असतात. ताळमेळ तेथूनच सुरू करणे सोपे. रकाना ४ बहुधा रिकामा असतो. विक्रेत्याने करदाता क्रमांक दिला नसेल, तर २४% दराने कापलेला कर तेथे दिसतो.

ग्राहकाने कार्डाने दिलेली रक्कम त्याने स्वतः १०९९-एनईसी (स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या मोबदल्याचे पत्रक) वर पुन्हा नोंदवायची नसते. तरी दोन्ही पत्रके आल्याची उदाहरणे असतात आणि उत्पन्न दोनदा धरले जाते. मित्राने पाठवलेला भाड्यातील वाटा किंवा भेट हे पत्रकात यायला नकोच. चुकून आल्यास किंवा घरातील वस्तू तोट्यात विकली असल्यास २०२४ पासून विवरणपत्राच्या शेड्यूल १ या पुरवणीच्या माथ्यावर त्यासाठी जागा आहे. आयआरएसने २०११ च्या शेड्यूल सी वर कार्डाच्या रकमेसाठी स्वतंत्र ओळ छापली होती, पण तीत शून्य लिहा अशीच सूचना दिली आणि पुढील वर्षी ओळच काढली.

परिणामाविषयी मतभेद आहेत. कायदा करणाऱ्यांना कोट्यवधी डॉलरच्या वाढीव महसुलाची अपेक्षा होती. अर्थशास्त्रज्ञ जोएल स्लेमरॉड व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात मात्र सरासरी परिणाम अल्प दिसला. ज्यांनी पत्रकामुळे जास्त विक्री दाखवली, त्यांनी खर्चही बराच वाढवून दाखवला. पत्रक फक्त विक्रीची बाजू उजेडात आणते, हे पाहता हा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

भारतात याला समांतर तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम १९४-ओ ही होती (१ ऑक्टोबर २०२० पासून). तीही ढोबळ विक्रीवर बसत असे, पण माहितीवर न थांबता कर कापत असे : मूळ दर १%, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१%. पुणे-मुंबईतून अमेरिकन ग्राहकांची कामे करणारे व्यावसायिक डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरून आपण अमेरिकी करदाते नसल्याचे कळवतात, म्हणून त्यांना सहसा १०९९-के येत नाही.