क्रिमियाहून परतलेले चेहरे

ब्रिटन व मित्रदेश रशियाविरुद्ध लढले त्या क्रिमियन युद्धात (१८५३–५६) छायाचित्रकार रणभूमीपर्यंत पोहोचला, पण लढाई त्याच्या हाती लागली नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत लेप दिलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्याआधी अंधारात धुवावी लागे. त्यातच काही सेकंद प्रकाश द्यावा लागत असल्याने हलणारा माणूस पुसट उमटे. म्हणूनच ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये तेथे घेतलेल्या सुमारे ३६० छायाचित्रांत छावण्या, अधिकारी आणि ओसाड दऱ्या आहेत, चकमक नाही. परतलेला सैनिक मात्र स्थिर बसू शकत होता, आणि युद्धाने त्याचे काय केले होते ते त्याच्या अंगावरच दिसत होते.

राणी व्हिक्टोरिया यांनी १८५५ मध्ये इंग्लंडातील चॅटम येथील लष्करी रुग्णालयांतील जखमींची भेट घेतली आणि त्यांतील काहींची छायाचित्रे घेण्याचे काम छायाचित्रकार जोसेफ कंडल व रॉबर्ट हाउलेट यांच्याकडे आले. त्यांतल्या एका चित्रात पाय गमावलेले तीन सैनिक कृत्रिम पायांसह बसलेले आहेत, आणि त्यांतील काहींचे पाय शत्रूच्या शस्त्राने नव्हे, तर खंदकातल्या हिमदंशाने गेलेले होते. रसद व कपडे वेळेवर न पोहोचल्याबद्दल सरकारवर टीकेची झोड उठलेली असताना हे चित्र निव्वळ शौर्याचे म्हणून पाहणे अवघड होते, असे मला वाटते.

मार्च १८५६ मध्ये पॅरिसचा तह झाला आणि पलटणी मायदेशी परतल्या. त्या वर्षी कंडल व हाउलेट यांनीच घेतलेल्या व्यक्तिचित्रांत राजरक्षक गार्ड्‌सचे उंच केसाळ टोप घातलेले आणि स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणींचे सैनिक दिसतात. कडाक्याच्या थंडीमुळे दाढी राखण्याची परवानगी मिळाली होती, ती दाढी घेऊनच ते कॅमेऱ्यासमोर आले. पुढे इंग्लंडात दाढीची जी लाट आली तिचे बरेचसे श्रेय या चेहऱ्यांना दिले जाते. तोवर व्यक्तिचित्र हा मुख्यतः सेनापतींचा व श्रीमंतांचा मान होता. येथे साधा शिपाईही नावानिशी नोंदला गेला. अर्थात, कोण बसेल आणि कसे बसेल हे बसणारा ठरवत नव्हता.

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) हेच काम डॉक्टरांकडे गेले. वॉशिंग्टनच्या हेअरवुड रुग्णालयातील शल्यचिकित्सक रीड बाँटेकू यांनी जखमींची छायाचित्रे शस्त्रक्रियेची नोंद म्हणून घेतली. त्यांतील काही सैनिकांच्या हाती नाव लिहिलेली पाटी आहे, तर काही प्रतींवर गोळीचा मार्ग लाल रेषेने आखलेला आहे.