डोळा लाल, दुखणं कमरेत

डोळा लाल झाला की घरात निदान तयारच असतं: डोळे आलेत. शेजारच्यांचे उरलेले थेंब घातले जातात आणि चार दिवस वाट पाहिली जाते. पण चिपडं येत नाहीत, खाज नाही, सकाळी पापण्या चिकटत नाहीत, लाली एकाच डोळ्यात आणि तीही बुबुळाच्या कडेला जास्त दाट, उजेडाकडे पाहिलं की आतून कळ येते, असं असेल तर हे डोळे येणं नव्हे. हा दाह डोळ्याच्या आतला असू शकतो. त्याला युव्हायटिस म्हणतात, आणि त्यात वाट पाहण्यासारखं काही नसतं.

डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. पुढे तो बुबुळाचा रंगीत पडदा होतो, मागे दृष्टिपटलाला रक्त पुरवतो. कवच सोललं तर आतला गोळा काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून द्राक्षाच्या लॅटिन शब्दावरून या थराला युव्हिया हे नाव पडलं. एरवी इथल्या रक्तवाहिन्या फार कडक पहारा ठेवतात. रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं डोळ्याच्या आत भरलेल्या पाण्यात उतरत नाहीत. दाह झाला की हा पहारा ढिला पडतो.

ते प्रत्यक्ष पाहता येतं, आणि मला या आजारातली सर्वात विलक्षण गोष्ट हीच वाटते. अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की त्यात धूलिकण तरंगताना दिसतात ना, अगदी तसंच. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, प्रकाशाचा बारीक झोत निरोगी डोळ्याच्या आतल्या पाण्यातून आरपार जातो, मध्ये काहीच दिसत नाही. युव्हायटिसमध्ये त्या झोतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी हळूहळू वर-खाली फिरताना दिसतात. डॉक्टर झोत १ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर उंच ठेवून त्या चक्क मोजतात. ५० हून जास्त दिसल्या तर दाह सर्वात वरच्या पायरीचा.

दाहामुळे बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली गोल न राहता वेडीवाकडी होते. म्हणून स्टेरॉइडच्या थेंबांबरोबर बाहुली मोठी करणारे थेंबही देतात. हलती राहिलेली बाहुली सहसा चिकटत नाही. स्टेरॉइडचे थेंब मात्र मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. ते लांबले तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो.

थेंबांनी लाली गेली की बहुतेकांना वाटतं, सुटलो. इथे एक प्रश्न विचारायचा राहून जातो: कंबर दुखते का? पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास तरी पाठ आखडलेली असते, बसून राहिलं की वाढतं आणि चालायला लागलं की मोकळं होतं, असं दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं असेल तर ते गादीमुळे किंवा ओझ्यामुळे नसू शकतं. मणक्याचा संधिवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, असाच सुरू होतो. त्याचा एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला संबंध १९७३ मध्ये उघड झाला. अचानक उठणाऱ्या, डोळ्याच्या पुढच्या भागातल्या युव्हायटिसच्या सुमारे निम्म्या रुग्णांत हेच जनुक सापडतं. (ते असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून घाबरायचं कारण नाही.) आयर्लंडमधल्या एका अभ्यासात अशा डोळ्याने आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना मणक्याच्या संधिवाताच्या गटातला आजार होता आणि तोवर तो कुणी ओळखलेला नव्हता. कंबरेसाठी एकीकडे, डोळ्यासाठी दुसरीकडे, अशी वर्षं जातात. सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार), क्षयरोग, बेहचेटचा आजार (रक्तवाहिन्यांचा दाह) हेही कधीकधी आधी डोळ्यातच दिसतात.

लहान मुलांत मात्र सगळं उलटं. लहानपणीच्या संधिवातात १०० पैकी साधारण १० ते २० मुलांना युव्हायटिस होतो आणि त्यातल्या बहुतेकांचा डोळा पांढराशुभ्रच राहतो. दुखत नाही, पाणी येत नाही. एका डोळ्याने कमी दिसू लागलं तरी दुसरा सांभाळून घेतो आणि मूल पळत-खेळत असतं. गुडघ्याची सूज उतरली म्हणून डोळाही शांत असेल असंही नाही. दोघांचं वेळापत्रक वेगळं. सर्वात जास्त धोका कमी वयात, थोड्याच सांध्यांत आजार सुरू झालेल्या आणि रक्ताची एएनए तपासणी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना.

आता औषधं चांगली आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायचं, प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं मेथोट्रेक्सेट आहे आणि ते पुरलं नाही तर दाह पेटवणारं प्रथिन अडवणाऱ्या अ‍ॅडॅलिमुमॅबची इंजेक्शनं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दोन्ही मिळालेल्या मुलांचा डोळा नुसतं मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपेक्षा इतका चांगला टिकला, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पण औषध सुरू व्हायला दाह आधी दिसावा लागतो, आणि तो घरी दिसत नाही. म्हणून धोका जास्त असलेल्या मुलाला दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पसमोर बसवायचं, हनुवटी खाली टेकवून, कपाळ पट्टीला लावून. कवडशात एकही कण दिसला नाही तरी उठण्याआधी पुढची तारीख घ्यायची.