गोव्यातून राज्यशास्त्राचं मराठी-इंग्रजी जर्नल काढायचंय? आधी उद्दिष्टांचं पान लिहा, मग फॉर्म भरा

फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठल्याही कॉलेजातले राज्यशास्त्रवाले चार जण जमले की विषय निघतोच, आपलं एक जर्नल काढूया, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि लगेच पुढचा प्रश्न, रजिस्ट्रेशन कुठे करायचं? तर निव्वळ संशोधन लेखांचं जर्नल असेल तर वर्तमानपत्रासारखं रजिस्ट्रेशन लागतच नाही. १८६७ चा जुना प्रेस कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिकांचा कायदा आला जो १ मार्च २०२४ पासून लागू आहे, आणि त्यात पुस्तकं आणि शैक्षणिक, वैज्ञानिक, तांत्रिक जर्नल्स नियतकालिकाच्या व्याख्येतच धरलेली नाहीत. तरी अजून बरेच जण 'आरएनआय नंबर काढला का' असं विचारतात, ते आरएनआय, म्हणजे वर्तमानपत्रांची नोंदणी करणारं केंद्र सरकारचं कार्यालय, पण आता पीआरजीआय झालंय.

पण आपला विषय राज्यशास्त्र आहे आणि गोची इथेच आहे. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांच्यावरची टिपणी ठराविक काळाने छापली की ते नियतकालिक. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे मतदारसंघनिहाय आकडे घेऊन लिहिलेला निबंध हा अभ्यास झाला, पण गेल्या आठवड्यात कुठला आमदार कुठल्या पक्षात गेला त्यावर दर अंकात दोन पानं असतील तर कोणीही बोट ठेवू शकतो. म्हणून उद्दिष्टांचं पान आधी लिहा असं म्हणतो. कोणत्या विषयावरचे लेख घेणार (पंचायत राज, कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी गावसंस्था, घटकराज्याचा प्रवास, भाषेचं राजकारण, काय ते), लेख कोण तपासणार, वर्षात किती अंक, आणि चालू घडामोडींचं सदर असणार की नाही, हे सगळं त्यात स्पष्ट यायला हवं. 'समाजप्रबोधन करणे' छाप वाक्यं टाकू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

चालू घडामोडींचं सदर हवंच असेल तर मग पीआरजीआयच्या प्रेस सेवा पोर्टलवर अर्ज करा, सगळं ऑनलाइन आहे. नाव आणि नोंदणी दोन्हीसाठी आता एकत्रच अर्ज जातो, तो तुमच्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडेही दिसतो आणि त्यांना हरकत-नाहरकत कळवायला ६० दिवस असतात. मालकाचे आणि प्रकाशकाचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, संस्था असेल तर तिचे कागद आणि छापखान्याची माहिती जवळ ठेवा. नावाचे दोन-चार पर्याय काढून ठेवा कारण त्याच भाषेत देशभरात कुठेही, किंवा गोव्यात दुसऱ्या कुठल्याही भाषेत, तसंच किंवा मिळतंजुळतं नाव दुसऱ्याकडे असेल तर ते मिळत नाही. दहशतवादी किंवा बेकायदा कृत्यासाठी, किंवा देशाच्या सुरक्षेविरुद्ध काही केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला नियतकालिक काढता येत नाही.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मात्र सदर असो वा नसो, घ्यावा. तो दिल्लीच्या निस्पर (सीएसआयआर-NIScPR) या सरकारी संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्रातून मिळतो आणि फुकट मिळतो, त्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. कव्हर, अनुक्रमणिका, संपादक मंडळाचं पान आणि प्रकाशकाचा पूर्ण पत्ता तयार ठेवा. आठ आकडी नंबर असतो, छापील आणि ऑनलाइनला वेगवेगळा, आणि नावात मोठा बदल केला की परत नवा घ्यावा लागतो. मराठी आणि इंग्रजी लेख एकाच अंकात असतील तर एकाच नंबरावर चालतं, पण दोन भाषांच्या दोन स्वतंत्र आवृत्त्या काढल्या तर नंबरही दोन. माझं मत विचाराल तर एकच अंक काढा, दोन आवृत्त्या सांभाळायला माणसं कुठून आणणार! आणि एक, आयएसएसएन म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट नव्हे, ती फक्त ओळख आहे.

दर्जा ठरतो मंडळावर. एक मुख्य संपादक, प्रत्येक भाषेला एक सहसंपादक, त्याशिवाय सल्लागार मंडळ आणि लेख तपासणारे. सल्लागारांत मोठी नावं टाकायची पद्धत आहे, पण ज्यांनी लेखी होकार दिलाय तेवढीच टाका. मराठी लेख मराठीत वाचू शकणाऱ्या दोघांकडे जायला हवा, लेखकाचं नाव झाकून, आणि हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, विषय बघूनच लेखक कोण ते कळतं. म्हणून निदान एक तपासणारा कोल्हापूर, पुणे, मुंबई असा बाहेरचा ठेवा. प्रत्येक लेखाला गोषवारा दोन्ही भाषांत सक्तीचा करा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच मागवा, जुन्या फॉन्टात टाइप केलेली पीडीएफ सर्चमध्ये सापडत नाही आणि मग कोणी संदर्भही देत नाही.

लेखक विचारतील, 'यूजीसी केअर लिस्टेड आहे का?' ती मान्य जर्नल्सची यादी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बंद केलीय, फेब्रुवारी २०२५ मध्ये तशी नोटीस काढून त्याऐवजी जर्नल निवडायचे सुचवलेले निकष दिलेत. तेव्हा 'केअर लिस्टेड' असं कव्हरवर छापू नका. तपासणीची पद्धत, फी घेता की नाही, वाङ्मयचौर्याबद्दलचं धोरण हे वेबसाइटवर उघड ठेवा. वेबसाइटसाठी ओपन जर्नल सिस्टिम्स हे फुकट सॉफ्टवेअर चालतं, होस्टिंगचे तेवढे पैसे पडतात.

मालकी कोणाच्या नावावर हे पहिल्या अंकाच्या आधी ठरवा. कॉलेजच्या नावावर असेल तर प्राचार्यांचं पत्र घ्या, स्वतंत्र संस्था करायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली निदान सात जण लागतात. एकाच माणसाच्या नावावर काढलं तर चालतं, पण तो रिटायर झाला की अंक बंद. छापील अंक निघाला की १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं इथे स्वखर्चाने ३० दिवसांत एकेक प्रत पाठवा, आणि त्या कायद्यात नसली तरी एक पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत नेऊन द्या, गोव्यातले वाचक ती तिथेच शोधणार.