बेअरिंगमधले तेल भार कसे पेलते?

1883 च्या सुमारास बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या आसांमधील घर्षण मोजत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि भार वरच्या बेअरिंगमधून आसावर पडत होता. या बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी तेल आत सोडण्यासाठी भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्यातूनच तेल वर येऊ लागले. ठोकून बसवलेले लाकडी बूचही बाहेर ढकलले गेले. शेवटी तेथे दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. एकूण भार क्षेत्रफळावर वाटला तर सरासरी दाब जेमतेम 100 पौंड येत होता.

याचा अर्थ असा की धातूला धातू टेकलेलाच नव्हता आणि सगळा भार तेलाने उचलून धरला होता. पण पंप नसताना एवढा दाब आला कुठून? त्याचे गणिती उत्तर ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये दिले. भार पडलेला आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर राहत नाही, तो किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमधील फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद, म्हणजे पाचरीच्या आकाराची होते. आसाला चिकटलेले तेल त्याच्यासोबत अरुंद भागाकडे ओढले जाते, तेथे मावत नाही आणि त्याचा दाब वाढतो. आसच आपला पंप होतो. यातली खरी खुबी पुढे आहे: बाकी सर्व तेच ठेवून थराची जाडी निम्मी केली, तर भार पेलण्याची त्याची क्षमता सुमारे चौपट होते. म्हणून भार वाढला की आस थोडा खाली दबतो, थर पातळ होतो आणि वाढलेला दाब त्याला तेथेच सावरतो. 50 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला एकूण फट साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीइतकीच असते. सर्वांत अरुंद जागी तर थर काही मायक्रॉनच उरतो. तेल गाळणाऱ्या फिल्टरचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

पाचर नसेल तर हा सगळा खेळ फसतो. जहाजाच्या पंख्याचा रेटा पूर्वी शाफ्टवरील अनेक सपाट कड्यांवर घेतला जाई, पण समांतर पृष्ठांमध्ये पुरेसा दाब तयार होत नसे. ऑस्ट्रेलियात ए. जी. एम. मिशेल आणि अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, किंचित कलू शकणारे ठोकळे वापरले. हे ठोकळे आपली पाचर आपणच जुळवून घेतात. कल्पना साधी असली तरी मोठ्या जहाजांना आणि जलविद्युत यंत्रांना तिने फार मोठी मोकळीक दिली.

बॉल बेअरिंगमध्ये संपर्काची जागा अतिशय लहान असल्यामुळे दाब हजारो वातावरणांपर्यंत जातो. इतक्या दाबाखाली तेल कमालीचे घट्ट होते, पोलादही किंचित चेपते, आणि मायक्रॉनहूनही पातळ थर टिकून राहतो.

या साऱ्याला गती लागते, आणि म्हणूनच यंत्र सुरू होताना व थांबताना, वेग कमी असताना, धातू एकमेकांना घासतात. इंजिनाच्या बेअरिंगला मऊ मिश्रधातूचे अस्तर देण्याचे हे एक कारण आहे: शाफ्टऐवजी झीज त्या अस्तराची होते. शेकडो टनांच्या टर्बाइनमध्ये तेवढीही झीज परवडत नाही, त्यामुळे तेथे चक्र फिरवण्याआधीच बाहेरच्या पंपाने उच्च दाबाचे तेल सोडून ते उचलले जाते आणि पुरेसा वेग आला की हा पंप बंद केला जातो.