प्लाकमधलं आम्ल : उतरणारी आणि चढणारी बाजू

तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरतं, हे प्रयोगाने नीट पटवून दिलं ते बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी. काढलेला दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात ठेवला की त्यातली खनिजं विरघळत. तेच मिश्रण आधी उकळून घेतलं की दात शाबूत राही. हे काम १८९० मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि पुढे कितीतरी वर्षं संशोधकांचा सगळा रोख आम्ल करणारा जंतू शोधण्यावर राहिला. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स वेगळा केला, तोही याच शोधात.

खरी कलाटणी दिली रॉबर्ट स्टीफन यांनी. १९४० च्या सुमारास त्यांनी अँटिमनीचा बारीक इलेक्ट्रोड माणसाच्या तोंडात थेट प्लाकला, म्हणजे दातांवर जमणाऱ्या जंतूंच्या चिकट थराला, टेकवला आणि ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावली. काही मिनिटांतच सामू (pH; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास घसरला. पूर्वपदावर यायला मात्र अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ लागला. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं आवरण, विरघळू लागतं. हा आकडा सगळ्यांसाठी एकच नसतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे त्यावर तो वरखाली होतो.

सामूच्या या घसरण्या-चढण्याचा स्टीफन यांचा आलेख पाठ्यपुस्तकांत गेला तो त्यातल्या घसरणीमुळे. मला मात्र त्याची चढती बाजू जास्त महत्त्वाची वाटते, आणि स्टीफन यांचंही तिच्याकडे लक्ष होतं. युरिया दिल्यावर प्लाकमधलं आम्ल कसं मारलं जातं, यावर त्यांनी १९४३ मध्येच लिहिलं होतं. लाळेत युरिया मुळातच असतो. काही जंतू तो फोडून अमोनिया करतात आणि सामू वर येतो. म्हणजे आम्लाला तोड देणारेही त्याच थरात राहतात. व्हेलोनेला हा जंतू तर शेजाऱ्यांनी केलेलं लॅक्टिक आम्ल खाऊन त्यापासून सौम्य आम्लं बनवतो.

लाळेचं स्वतःचं बळ आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये आहे. चावताना लाळ वाढते तसं तेही वाढतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तेव्हा हा आधार तुटतो. क्लाइनबर्ग आणि जेन्किन्स यांनी १९६४ मध्ये तोंडातल्या वेगवेगळ्या जागांचा सामू मोजून त्याचा लाळेच्या प्रवाहाशी संबंध दाखवला. खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून तिथलं आम्ल लवकर धुतलं जातं. वरच्या पुढच्या दातांना तेवढी लाळ मिळत नाही.

१९७० च्या दशकात क्लाइनबर्ग यांच्याच गटाला लाळेत सामू चढवणारा एक छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची लहान साखळी) सापडला. त्याला सियालिन म्हणतात. त्यातल्या अर्जिनिन या अमिनो आम्लापासून स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससारखे जंतू अमोनिया तयार करतात. अर्जिनिन घातलेल्या टूथपेस्ट याच धाग्यावरून आल्या.