नाव पुसल्यावरही उरणारी ओळख: डेटा देण्यातील जोखमीची पार्श्वभूमी

संस्थेने आपल्याकडील डेटा बाहेर द्यायचा तर नाव, पत्ता आणि ओळखक्रमांक काढून टाकले की पुरे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतूनही एखाद्या व्यक्तीविषयी जास्तीचे काही कळू शकते, हे स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ टोर डालेनियस यांनी १९७७ मध्येच मांडले होते. परंतु हा विचार मुख्यतः संख्याशास्त्रज्ञांपुरताच राहिला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचारी विमा आयोगाने १९९०च्या दशकात रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या. त्यांत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच होते. लटान्या स्वीनी या तरुण संगणकशास्त्रज्ञ विद्यार्थिनीने २० डॉलरला त्याच राज्यातील केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेऊन ती या नोंदींशी ताडून पाहिली. तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले यादीत सहा जण होते, त्यांपैकी तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारे एकटे वेल्डच. त्यांच्या उपचारांच्या नोंदी अशा रीतीने उघड झाल्या. मतदारयादीत सगळे रहिवासी नसतात, त्यामुळे तोच तपशील असलेली दुसरी व्यक्ती यादीबाहेर असू शकते, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. तरीही एक गोष्ट निर्विवाद ठरली, की दिलेल्या डेटात जितका धोका असतो तितकाच आधीपासून बाहेर असलेल्या डेटातही असतो, आणि हा बाहेरचा डेटा देणाऱ्याच्या हाती नसतो.

२००६ मध्ये नेटफ्लिक्सने शिफारस-प्रणालीच्या स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेली १० कोटींहून अधिक गुणांकने नावांविना खुली केली. अरविंद नारायणन आणि विटाली श्मातिकोव्ह या संगणकशास्त्रज्ञांनी ती चित्रपटांवरील जाहीर अभिप्रायांशी जुळवून काही ग्राहकांची ओळख पटवली. २००६ मध्येच संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 'डिफरन्शियल प्रायव्हसी'ची संकल्पना मांडली. तिच्यामुळे डेटातून काढलेल्या उत्तरांत हेतुतः थोडी गणिती अनिश्चितता मिसळून गोपनीयतेची हानी मोजता येऊ लागली.

मात्र सर्वच हानी चतुर विश्लेषणातून होत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क विभागाने बालभत्त्याच्या लाभार्थी कुटुंबांतील अडीच कोटी लोकांचा तपशील दोन सीडींवर लेखापरीक्षण कार्यालयाकडे पाठवला आणि त्या वाटेतच गहाळ झाल्या. बँक खात्यांसारखा तपशील वगळूनच माहिती द्यावी, असे लेखापरीक्षकांनी काही महिने आधीच सुचवले होते. तो वेगळा काढायला जास्तीचा खर्च येईल म्हणून विभागाने संपूर्ण संच पाठवणे पसंत केले. मला या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. किती डेटा द्यायचा, हा जोखमीचा निर्णय आहे हे तेथे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

अशा अनुभवांतून जोखमीच्या मूल्यमापनाचा रोख डेटावरून परिस्थितीकडे वळला. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडलेली 'फाइव्ह सेफ्स' ही चौकट प्रकल्प, व्यक्ती, जागा, डेटा आणि निष्कर्ष या पाचही अंगांची एकत्र तपासणी करायला सांगते, त्यामुळे संवेदनशील नोंदीही कडक देखरेखीच्या जागेत देता येतात. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या 'जीडीपीआर' या युरोपीय डेटा-संरक्षण नियमावलीने डेटावरील मोठ्या जोखमीच्या प्रक्रियांसाठी जोखमीचे पूर्वमूल्यमापन बंधनकारक केले. उपाय योजूनही जोखीम मोठीच राहणार असेल, तर प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.